बायकांच्या बाजूचे फोटो

१० नोव्हेंबर, सोमवार
लग्नांचे फोटो साठवायच्या हार्डडिस्कच्या डब्यात कुणाकुणाला शिरता येतं, ती यादी आज सहज उघडली. तीन नावं! एक माझं. एक नवऱ्याचं, अजहरचं, मीच केलेलं. तिसरं मी केलेलं नाही. अजहरला विचारलं. "मला काय ठावं?" म्हणाला.

११ नोव्हेंबर
डबा पिशवीत घालून कोरेगावला यशराजकडे गेले. कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो. अर्धा तास डबा तपासला. मग, "ताई, पासवर्ड कारखान्यातनं आला त्योच हाय की!"

होय. दुकानदार म्हणाला होता, वायर जोडा आणि वापरा. मी तेवढंच केलं. ज्यांच्या लग्नाचे फोटो काढते त्या पोरी सासरी गेल्या की मोबाईलवर आल्बम बघायला मागतात, म्हणून बाहेरून उघडायची सोयही मीच एक बटण दाबून चालू केली. नवीन सुधारणा घालून घ्या, असं डबा अधूनमधून सांगायचा. दर वेळी "नंतर" दाबलं. दोन वर्षं!

फेब्रुवारीपासून कोणीतरी परका आत येऊन जातोय. काय काय नेलं ते सांगता येत नाही म्हणे.

१२ नोव्हेंबर
रहिमतपुरात मला लग्नाला बोलावतात ते एवढ्यासाठीच – बायकांच्या बाजूला पुरुष फोटोवाला चालत नाही. मेंदीच्या दिवशी ओढण्या बाजूला पडतात, म्हाताऱ्यासुद्धा नाचतात. पाणी घेऊन आलेल्या वाढप्यालाही मी बाहेर काढते. आणि घरोघरी सांगून बसलेय, फोटो माझ्या हाताबाहेर जाणार नाही! इंटरनेटवर कुठल्या कंपनीकडे ठेवायला नकोत म्हणून तर हा डबा आणला. आतल्या खोलीत ठेवला. घरात आहे म्हणजे नजरेखाली आहे, असं वाटलं. शहाणीच मी.

१४ नोव्हेंबर
यशराजनं डबा साफ करून, नवा पासवर्ड घालून दिला. "कुनाला बोलू नका ताई. कळतंय कुनाला?" अजहरचंही तेच. "एकीला सांगितलंस की गावभर हुईल. परत कोन बोलवंल तुला?"

खरं आहे. पण डब्याबरोबर आलेला कागद आज पहिल्यांदा नीट वाचला. सुरक्षेची जबाबदारी मालकाची. मालक कोण? दुकानदार नाही, यशराज नाही. मीच.

१५ नोव्हेंबर
कुणाला सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर
आजही नाही. लाज वाटते.

१९ नोव्हेंबर
सव्वीस घरच्या पोरी होत्या त्यात. उद्या कुठल्या तरी फोनवर त्यांना आपलाच फोटो दिसायचा! त्याआधी माझ्या तोंडून कळलेलं बरं. जाणार.

२३ नोव्हेंबर, रविवार
पहिलं घर अख्तरबी खालांचं. त्यांच्या दोन्ही लेकींच्या लग्नात मीच होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग एवढंच, "कुनी बगितलं?" म्हटलं, ठाऊक नाही. "मग आमी काय समजायचं, पोरी?"

निघताना दारापर्यंत आल्या नाहीत. रस्त्यानं रडत आले.

३० नोव्हेंबर
सतरा घरं झाली. दोन ठिकाणी शिव्या. एका घरी पुढच्या महिन्याचं लग्न माझ्याकडून काढून घेतलं. एका आजींनी मात्र पाठीवर हात ठेवला – "सांगाया आलीस, लय झालं." शिव्यांपेक्षा तेच जड गेलं.

६ डिसेंबर
पंचवीस झाली. राहिली सिमरन. जानेवारीत तासगावात दिली तिला. वीस वर्षांची पोर. फेब्रुवारीत डब्यात सगळ्यांत वर तिचेच फोटो होते, म्हणून पाय निघत नव्हता. उद्या सकाळच्या एस.टी.नं जाते.

७ डिसेंबर
सिमरननं आतल्या खोलीत नेलं, कडी लावली. मी तोंड उघडलं तोच म्हणाली, "मला रमजानपास्नं म्हाईत हाय, आपा."

अनोळखी नंबरवरून तिचा मेंदीतला फोटो आला होता. मग आणखी. नवऱ्याला दाखवीन, अशा धमक्या. नऊ महिने! आईलासुद्धा बोलली नाही.

मी म्हटलं, अगं, निदान मला तरी सांगायचंस.

"तुमाला कसं सांगू? मला वाटलं, तुमीच दिलं."