एक हजार नऊशे चौदा फोटो

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचे! दोन बॅगा, एक छत्री आणि भिंगरी. भिंगरी म्हणजे माझी सात वर्षांची लेक. क्षणभर एका जागी ठरत नाही, म्हणून हे नाव. शाळेला सुट्टी आहे, तेव्हा तिलाही कामावर घेऊन आले. घर तिसऱ्या मजल्यावर, ऐसपैस, भरपूर उजेडाचं. मालक ऐंशीच्या पुढचे. जन्मभर नकाशे काढले, आता एकटेच असतात. मी त्यांना आजोबाच म्हणते. त्यांचा जुना कम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय आणि त्याच्या पोटात बावन्न हजार फोटो आहेत. ते सगळे बाहेरच्या डिस्कवर न्यायचे, तेवढे दिवस इथेच राहायचं. डिस्क साबणाच्या वडीएवढी. स्वयंपाकाला एक मावशी आहेत, दिवसभर काहीतरी गुणगुणत असतात. भिंगरीने त्यांना पाच मिनिटांत खिशात टाकलं. आम्ही मायलेकी खूश आहोत. माझ्या आईला इथला पत्ता कळवला, नाहीतर ती काळजी करत बसते.

मंगळवार, ४

आजोबांशी पहिली चकमक. माझी पद्धत ठरलेली: आधी कॉपी करायची, मोजदाद करायची, मगच मूळ फोटो पुसायचे. बारा वर्षांत कुणाचा एक फोटो गमावलेला नाही. पण आजोबांना कॉपी नको, फोटो थेट हलवायचे. माणूस एका वेळी दोन ठिकाणी असून कसं चालेल, म्हणाले. मी हसले, समजावलं, शेवटी हात टेकले. जुन्यापासून नव्यापर्यंत आपोआप हलत राहतील असं लावून दिलं.

आज बहुतेक गेलेलीच माणसं सरकली. त्यांची बायको, भाऊ, मित्र. आजोबा माझ्या खुर्चीमागे बसून एकेकाची ओळख करून देत होते. टेबलापाशी प्लग एकच, तोही अडलेला, म्हणून माझा फोन चार्जिंगला कम्प्युटरलाच लावला. स्क्रीनवर त्याने काहीतरी विचारलं, मी बोलता बोलता 'हो' केलं.

संध्याकाळी आजोबा वायरीसकट डिस्क कानाशी धरून बसले होते. गालातल्या गालात हसत होते. म्हातारपण, दुसरं काय.

गुरुवार, ६

शेजारची मांजर कालपासून बेपत्ता आहे. भिंगरी जिन्यात हाका मारून दमली. फोटोंत ती मांजर पुष्कळदा आहे. तिचा शेवटचा फोटो काल दुपारीच हलला, हे मला उगीचच आठवत राहिलं. डिस्क हाताला गरम लागते. तशा तापतातच त्या.

शुक्रवार, ७. सकाळचे अकरा

मावशी नाहीत. भाजी अर्धी चिरलेली, गॅस चालू, चपला दाराशी. अनवाणी कुठे जातील? फोन लावला तर तो ओट्यावरच वाजला.

हललेल्या फोटोंची यादी उघडली. मावशींचा शेवटचा फोटो दहा चाळीसला हलला.

आजोबांना विचारलं. ते शांत होते. म्हणाले, ज्याचा शेवटचा फोटो गेला तो माणूसही गेला; आता सगळी एका जागी आली, कुणाला कुणाची वाट बघायला नको. आणि डिस्क माझ्या कानाशी धरली.

आतून मावशींचं गुणगुणणं ऐकू आलं.

मला भयंकर भीती वाटते आहे. बॅगा भरते. आत्ताच्या आत्ता निघायचं.

शुक्रवार. दुपारी साडेबारा

फोन काढायला गेले आणि स्क्रीनवरची रांग दिसली. मंगळवारच्या त्या 'हो'ने माझ्या फोनमधले फोटो कम्प्युटरच्या फोटो-लायब्ररीत गेलेत. रांगेत सगळ्यांत शेवटी आहेत. एक हजार नऊशे चौदा. सगळे भिंगरीचे.

'रद्द करा' दाबलं. पुन्हा दाबलं. कम्प्युटर बंद होत नाही. आकडा चढतोच आहे. दोनशे सहा. दोनशे सात.

वायर ओढायला हात घातला तर आजोबा पहिल्यांदाच ओरडले. अर्ध्यात ओढलीस तर पोर इथेही राहणार नाही आणि तिथेही पोचणार नाही, म्हणाले.

शुक्रवार. दीड

भिंगरीला कडेवर घेऊन रस्त्यापर्यंत पळाले. घरापासून लांब जाऊ तसे तिचे हात थंडगार पडत गेले, डोळे मिटायला लागले. तशीच परत आले. ती आता खुर्चीत बसली आहे, हलत नाही. माझी भिंगरी, आणि हलत नाही.

डिस्कमधून तान्हं बाळ रडतंय. पहिल्या महिन्यातलं तिचं रडणं. हजार बाळांत ओळखेन.

आजोबांच्या खुर्चीत नुसता चष्मा आहे. स्वतःचा राखून ठेवलेला शेवटचा फोटो त्यांनीच आत सोडला असणार.

एक हजार तीस.

शुक्रवार. अडीच

ती विचारते, आत अंधार आहे का. आई, तू येशील ना, विचारते. मी हो म्हटलं. छातीशी घट्ट धरून बसले आहे. लिहिते आहे, नाहीतर ओरडत सुटेन—

एक हजार सातशे—

तीन वाजून चार

हातात नुसता फ्रॉक.

तीन वीस

आतून हाक मारते आहे. आई, आई. एकटीच. इतके फोटो, आणि एकातही मी नाही. सगळे मीच तर काढलेले. कॅमेऱ्याच्या मागे मी, पुढे ती. तिच्याबरोबर माझा एकसुद्धा—

तीन पस्तीस

माझे फोटो काढले. बत्तीस. हात हलतोय, काही धूसर आलेत. चालतील. लायब्ररीत घेतले. बत्तीस पुरतील ना? तिला दिसेन ना मी?

चार हलले. पाच.

आई, तुझ्या लेकीची ही वही तुझ्याच हातात पडेल. तू आम्हाला शोधत येशीलच. टेबलावर डिस्क असेल. कम्प्युटर चालू ठेव. कुणी काही म्हणू दे, वायर ओढू नको. आम्ही दोघी—

एकोणीस. बोटं गार—

हाक थांबली. तिला कळलं वाटतं, मी—

आलेच गं, आले, तिथेच थांब, हलू न