पोफळीचा पत्ता

राजापूर, ९ नोव्हेंबर २०२४

ती. रामजीदादास,
सुनंदाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

गेल्या आठवड्यात अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरले. डावा घोटा टम्म सुजला. सम्यक दुबईत, आईचा पाय मुरगळला, एवढंच त्याला सांगितलंय. एकटीच एस.टी.ने रत्नागिरीला दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, घोट्याच्या बाहेरच्या हाडाला चीर आहे. उभं राहून एक्स-रे काढा, भार पडूनही सांधा जागेवर राहिला तर ऑपरेशन नको. राहिला. पायात घालायला बूट दिलाय.

फोटो काढणारी मुलगी म्हणाली, धरायला सोबतचं कोणी बोलवा. कोण असणार? मग मी कठडा धरून सगळा भार उजव्या पायावर घेतला नि बगळ्यासारखी उभी राहिले. तिला कळलंही नाही. घरात बोलायला माणूस नाही, म्हणून तुला हे पाल्हाळ.

कानाने नाही तरी पत्राने बहिणीचं ऐकत जा.
तुझी सुनंदा

पोफळी, १४ नोव्हेंबर

चि. सुनंदा हीस,
सप्रेम जयभीम.

तीस वर्षं शाळेत पोरांना शहाणपण शिकवलंस आणि स्वतः बगळा झालीस. अगं, पॉवरहाऊसमध्ये माझा जन्म गेला. लोड नसताना कुठलंही मशीन गुण्यागोविंदाने फिरतं, दोष दिसतो तो लोड दिल्यावर. तुझ्या दुखऱ्या पायावर भार पडलाच कुठे? उद्याच्या उद्या परत जा आणि केलेली चलाखी डॉक्टरांना सांग.

मी आलो असतो, पण गुडघे एस.टी.ची पायरी चढू देत नाहीत. फोन करावा तर टर्बाइनने कान खाल्लेले. बहीण एकटी आणि मी इथे नुसता बसून, याचं फार वाईट वाटतं.

जपून राहा, राग धरू नकोस.
तुझा दादा

रत्नागिरी, २२ नोव्हेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

तुझंच खरं निघालं. डॉक्टर रागावले नाहीत, परत उभं केलं. या वेळी त्या मुलीनेच दंड धरला. डावा पाय टेकला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. फोटोत सांध्यात फट दिसली. तसंच राहिलं असतं तर कायमची लंगडले असते. परवा ऑपरेशन झालं. एक पट्टी, सहा स्क्रू. सहा आठवडे पाय टेकायचा नाही.

फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून तुझं नाव घातलं. तुला फोन ऐकू येत नाही, म्हणून नंबराच्या जागी पोफळीचा पत्ता लिहिला. सिस्टर म्हणाली, आजी, काही कमी-जास्त झालं तर पत्र कोण लिहीत बसणार? मग तुझा पत्ता घातलेलं कोरं आंतरदेशीय तिच्याकडे देऊन ठेवलं. आज ते परत मागून घेतलं, त्यावरच हे लिहितेय.

लोभ आहेच. उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर टाक. भेटायच्या वेळेला इथे सगळ्यांकडे कोणीतरी येतं.
तुझी सुनंदा