मुका डीबगर

९ फेब्रुवारी, सोमवार

रविराजचा डीबगर आजपासून गप्प.

टूल आमच्याच कंपनीचं. प्रोग्राम ओळीओळीनं चालवून चूक कुठं आहे ते दाखवतं. रविराजला दिसत नाही, तो स्क्रीन कानानं वाचतो. प्रोग्राम थांबला की त्या ओळीआधी त्याला 'इथे थांबलं' असं ऐकू यायचं. आज आलेल्या नव्या आवृत्तीत येत नाही. सगळ्या ओळी सारख्याच.

"मौनव्रत घेतलंय," म्हणाला.

१० फेब्रुवारी

बाकी सगळ्यांचं नीट चालतंय! आमचे मॅनेजर भारत सर, त्यांनी दुरुस्तीला शुक्रवारपर्यंत वेळ दिला. नाही जमलं तर सोमवारपासून रविराज फोनवर — आमचं टूल वापरणाऱ्या अंबडच्या कारखान्यांच्या तक्रारी ऐकायला. फार मऊ आवाजात सांगितलं. रविराज बरं म्हणाला. इंजिनिअर म्हणून ही त्याची पहिली नोकरी. फोनवरच्या आधीच दोन करून झाल्यात.

१२ फेब्रुवारी

आम्ही दोघं जुन्या आवृत्त्या तपासतोय. मधली एक घ्यायची. ती बोलली तर बिघाड नंतरचा, नाही तर आधीचा. मग उरलेल्यांतली मधली. मी आवृत्ती बदलते, तो ऐकतो, मान हलवतो. एकदाच बोट वर केलं. बोलतेय!

मला कुठल्याच दोन आवृत्त्यांत फरक दिसला नाही.

१३ फेब्रुवारी

सापडलं. एक ओळ काढलेली — स्क्रीनवर न दिसणारी, फक्त ऐकू येणारी. काढली आमच्याच टीममधल्या योगेशनं. सोबत त्याचीच टीप: 'रवीला कटकट नको.'

योगेश रविराजच्या शेजारी बसतो. इयरफोनमधून तेच दोन शब्द दिवसभर त्यालाही ऐकू यायचे. रवी वैतागत असेल असं वाटलं, म्हणाला. काढले त्याला महिने झाले, आमच्यापर्यंत आलं ते नव्या आवृत्तीतूनच; तो विसरूनही गेला. चेहरा पार उतरला होता.

रविराजनं इयरफोन काढले. मग — "विचारायचंस ना, गाढवा."

योगेशनं ओळ परत घातली. सरांनी फोनचं रद्द केलं. वर चहाही पाजला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रविराज सगळ्यांच्या आधी आला होता. गेल्या आठवड्यातली त्याची अडलेली कामं मागितली. एकही उरलं नव्हतं. त्याला ताण नको म्हणून आम्हीच ती वाटून संपवली होती.

दिवसभर इयरफोन घालून बसून होता.