थोरल्या सुनेच्या पायाचे ठोके

मी, संहिता हयवदनराव, वय तेहतीस, व्यवसायाने ध्वनिअभियंता, राहणार मारतहळ्ळी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतः टाइप केले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या कानामागे एक गाठ आहे, पण तिचा माझ्या विचारशक्तीशी संबंध नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी थोरली बहीण सत्यवती, जिला पुढे मी अक्का म्हणेन, हिने मी हे लिहू नये म्हणून दोन दिवस अबोला धरला होता.

सोमवार, ९ मार्च रोजी शस्त्रक्रिया आहे. डाव्या कानाचे ऐकू येणे जाणार, हे निश्चित. जिवाला धोका शंभरात दोन. दोन म्हणजे शून्य नव्हे, म्हणून पुढची कलमे. आई-वडील हयात नाहीत. आम्ही दोघी अविवाहित आहोत. तिसरा वारस नाही.

१. मृत्युपत्राची अंमलबजावणी चुलतभाऊ श्रीहर्ष, वकील, याने करावी. त्याने भाषा सुधारू नये.

२. बँकेतील ठेवी अक्काला, बिनशर्त. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिने नाच थांबवून मालिकांत काम धरले आणि माझे शिक्षण पुरे केले. ही परतफेड नाही. ती तिला चालणार नाही.

३. माझे चांगले हेडफोन हेब्बाळच्या गंगव्वा टीचरना द्यावेत. त्यांनी अक्काला सातव्या वर्षापासून भरतनाट्यम शिकवले. अक्का टीव्हीवर गेली तेव्हा त्यांनी तिच्याशी बोलणे टाकले आणि आपल्या घरी टीव्ही कोणी बघत नाही, असे सगळ्यांना सांगितले. मी त्यांना संध्याकाळी सातला फोन केला की मागे अक्काच्या मालिकेचे शीर्षकसंगीत ऐकू येत असे. हेडफोन असले तर शेजाऱ्यांना कळणार नाही.

४. काळी हार्ड डिस्क, 'गोंगाट' असे लिहिलेली, अक्काला. तिची एक प्रत गंगव्वा टीचरना. यात काय आहे ते अक्काला आजवर सांगितलेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अक्काची सुरुवात एका पौराणिक मालिकेत नर्तकींच्या चौथ्या रांगेत झाली. पुढे नायिकेची मैत्रीण, मग खलनायकाची बहीण. सहा वर्षांनी थोरल्या सुनेच्या भूमिकेसाठी तिची चाचणी झाली. दिग्दर्शक गिरीराज म्हणाले, "अम्मा, तुम्ही चालता तेव्हा मागे मृदंग वाजल्यासारखा वाटतो. सुनेसारखं चाला की!" अक्का दाराबाहेर गेली आणि परत आत आली. भूमिका तिला मिळाली. त्या चालीत खांदे किती खाली आले, टाच किती उशिरा टेकली, ते मी नंतर चित्रफीत थांबवून थांबवून पाहिले. असे काम मी दुसऱ्या कोणाचे पाहिलेले नाही.

त्या मालिकेच्या आवाजाचे काम माझ्याकडे होते. पहिल्याच आठवड्यात अक्काच्या संवादांत बारीक धपधप येऊ लागली. गिरीराजनी जनरेटरला दोष दिला आणि प्रकाशयोजनेचे नागराज अण्णा तीन दिवस तो इकडून तिकडे हलवत राहिले. जनरेटरचा दोष नव्हता. अक्का संवादामधले थांबे उजव्या पायाच्या अंगठ्याने मोजत होती. आदि ताल, आठ मात्रा. सेटची जमीन प्लायवूडची, म्हणून ठोका माइकपर्यंत पोहोचत असे. मालिकांमध्ये पाय सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. बहुधा तिच्याही नाही.

मी सांगितले असते, तर तिच्या पायाखाली गादी घातली असती आणि ते थांबे गेले असते. लोक मालिका त्या थांब्यांसाठी पाहत होते. म्हणून मी रोज ठोके काढून टाकले आणि वेगळे जपून ठेवले. एक हजार तीनशे बारा भागांचे मिळून सहा तास अकरा मिनिटे भरतात. मी सगळे तपासले आहेत. एकच ठोका चुकला आहे, भाग सहाशे सातमध्ये. वडिलांचे तेरा दिवस करून चौदाव्या दिवशी ती सेटवर आली, तो तो भाग.

नागराज अण्णांना मी हे आज सांगितले. ते म्हणाले, "अय्यो, पाच वर्षं मी त्या जनरेटरला शिव्या घालतोय!" त्यांची मी येथे लेखी माफी मागते. ते साक्षीदार असल्याने त्यांना याहून अधिक काही देता येत नाही.

५. मारतहळ्ळीचा फ्लॅट. मालिका डिसेंबरात संपली. अक्का दुसऱ्याच सकाळी हेब्बाळला गेली. टीचर दारातच म्हणाल्या, "टीव्हीत तुझं स्वल्प तोंडच दिसतं. पाय कुठं ठेवून येत होतीस ग?" अक्का चपला काढून आत गेली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला तिचा सराव चालतो. रविवार, २२ मार्च रोजी इंदिरानगरच्या सभागृहात तिचा एकल कार्यक्रम आहे, अकरा वर्षांनी पहिला. माझी तारीख ठरल्यावर ती तो रद्द करायला निघाली.

"तू दवाखान्यात आणि मी तिल्लाना नाचू? डोकं फिरलंय का तुझं?"

"डोकं तपासूनच ऑपरेशन ठरलंय. ते माझं आहे, कार्यक्रम तुझा."

"सरी, बघू."

"बघू म्हणजे नाही. मला माहीत आहे."

म्हणून फ्लॅट सशर्त देत आहे. अक्काने २२ मार्चचा कार्यक्रम पहिल्या पुष्पांजलीपासून शेवटच्या मंगलमपर्यंत पूर्ण केला, तर फ्लॅट तिचा. न केल्यास तो दिग्दर्शक गिरीराज यांना जावा. तिने त्यांना त्या बाल्कनीत चहा पिताना डोळ्यांसमोर आणावे.

६. सुतकाबद्दल. अक्का हेच कारण पुढे करेल, म्हणून आधीच लिहिते. डॉक्टरांनी मला दोन तारखा दिल्या होत्या, ९ आणि १२. मी ९ घेतली. त्या दिवशी मी गेले, तर तेरावा २१ तारखेला येतो. बावीस हा चौदावा दिवस. अक्काला चौदाव्या दिवशी काम करता येते, याचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. मी दिरंगाई करून नंतर गेले, तर माझे सुतक धरू नये. तसा माझा निर्णय समजावा.

७. मी जगले, तर वरील काहीही लागू नाही. कलम चारमधील डिस्क मात्र अक्काला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी द्यावी आणि माझ्यासाठी पहिल्या रांगेतली डाव्या टोकाची खुर्ची राखावी. तिथून माझा उजवा कान रंगमंचाकडे राहतो.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचले व त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) संहिता हयवदनराव

साक्षीदार:
१. (सही) नागराज, प्रकाशयोजना
२. (सही) पवित्रा, शेजारी

स्थळ: मारतहळ्ळी, बेंगळुरू
दिनांक: ४ मार्च २०२६