सोलापूरची पेनल्टी

२ बहमन १३३८ फसली

पुन्हा फजिती! शाळेतली पोरं आज दुकानाच्या ओट्यावर जमली होती. त्यांना मी अडवलेली सोलापूरची पेनल्टी सांगितली. दहा वर्षांत शंभरदा तरी सांगितली असेल! ऐन रंगात आलो, तर धुळाजी मधेच म्हणतो, "मागल्या पोळ्याला तुमी डावीकडं झेप घेतलती, बंकटराव. आज उजवीकडं कावून?"

पोरं फिदीफिदी हसली. मी म्हणालो, तू आपल्या पाण्याच्या कातडी छागली शिव, गोलकीपरचं काम तुला काय कळतंय! पण तोंड उतरलं ते उतरलंच. दुपारभर कापड मोजताना गज चुकत होता. मालक राधाकिशनशेटनी गल्ल्यावरून, चष्म्यावरून दोनदा पाहिलं.

उजवीकडेच घेतली होती. नक्की.

३ बहमन

नक्की?

५ बहमन

उरुसात आपल्या शाळेचा आणि जालन्याच्या पोरांचा फुटबॉलचा सामना ठरला. बीडात पहिल्यांदाच! धुळाजीनं छागलीच्या कातड्याचा फुटबॉल शिवलाय — उडतो कमी, सुस्कारे फार टाकतो.

पाशामास्तर खास दुकानावर आले. "बंकटराव, म्याचच्या आधी तुमी बच्च्यांना दोन लफ्ज सांगा. तीच पेनल्टी सांगा. सोलापूरच्या गिरणीचा गोलकीपर आपल्या गावात हाय, लोकांना कळू द्या की!" मी फुशारकीनं हो म्हणून बसलो. सगळ्या गावासमोर!

जाताजाता मास्तरांनी सहज विचारलं, "किक मारायच्या आधी तुमचा कप्तान काय म्हणला तुमाला?"

मला काही आठवेना. कप्तान होता युसूफ, गिरणीत शेजारच्याच साच्यावर काम करणारा, जिवाभावाचा. काहीतरी म्हणालाच असेल. फुटबॉल ओला होता का? माहीत नाही. ऊन कुठून येत होतं? माहीत नाही. गोष्टीत आहे तेवढं लख्ख दिसतं. गोष्टीबाहेर पाऊल टाकलं की काहीच नाही. असं कसं?

७ बहमन

बाकीचं सोलापूर तर कसं काल पाहिल्यासारखं आठवतंय! पहाटेचा भोंगा. अंगाखांद्यावर कापसाची पांढरी लव. रविवारी गिरणीमागच्या मैदानात सगळी चाळ लोटायची — म्हातारे, बायाबापड्या, भजीवाले. गिरणीचा बँड वाजायचा. साहेबानं हौसेनं सगळ्यांना बूट दिले होते. ते घालून पहिल्याच दिवशी निम्मी टीम आपटली. मग आम्ही बूट कडेला मांडून ठेवायचो आणि अनवाणीच खेळायचो. साहेब कपाळावर हात मारायचा!

संध्याकाळी तंबूतला सिनेमा. मुकी चित्रं, आणि पुढे उभा राहून एक माणूस ओरडून सगळं समजावून सांगायचा. पंडित — माझा धाकटा भाऊ, त्याच गिरणीत होता — नेहमी पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचा हट्ट धरी. तिथून पाहिलं की सगळी माणसं डावखुरी! राजा डाव्या हातानं तलवार चालवायचा, डाव्या हातानं घास घ्यायचा. पंडित त्याची नक्कल करत चाळीपर्यंत यायचा आणि आम्ही हसून हसून बेजार. कौशल्या म्हणायची, "भावजी, आता डाव्या हातानंच जेवा!"

पंडित मानमोडीच्या साथीत गेला. मलाही तोच ताप होता, मी वाचलो. त्याबद्दल मी लिहीत नाही.

८ बहमन

युसूफचं कार्ड आलं! उरुसाला येतोय, उतरणार आमच्याकडेच. दहा वर्षांनी भेट!

आनंद व्हायला पाहिजे होता. धडकी भरली. युसूफ त्या दिवशी मैदानात होता, त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलंय. आणि ती पेनल्टी मी अडवलीच नसेल तर? गोल झाला असेल, आणि दहा वर्षं मी गावाला थापा मारतोय असं निघालं तर? पण थाप मारणाऱ्याला निदान आपण थाप मारतोय हे तरी माहीत असतं! मला तर तळहात झोंबल्याचं आठवतं. फुटबॉल पोटाखाली, तोंडात माती, वरून चाळीची आरोळी.

आणि त्याच दिवसाचं दुसरंही आठवतं. घोंगडी. कापराचा वास. बँड कुठूनतरी फार लांबून ऐकू येतोय. गोलमध्ये उभ्या माणसाला बँड लांबून कसा ऐकू येईल? बँड तर पाठीशीच असायचा!

कौशल्येला म्हणालो, मास्तरांना नाही म्हणून सांगतो. ती म्हणाली, "कावून? सांगा की. चांगली हाय गोष्ट."

९ बहमन

डोकं ठणकतंय. कौशल्या म्हणते पित्त झालं. सुंठ उगाळून कपाळाला लावली. पित्त नाही हे.

११ बहमन

युसूफ दुपारी आला. बार्शीपासून मोटारीनं, सगळ्या हाडांचा खुळखुळा करून घेऊन. दाढी पांढरी झाली, हसणं तेच. निजामी हद्दीवर करोडगिरीच्या जकातनाक्यावर शिपायांनी गाठोडं तीनदा उसकलं म्हणून शिव्या घालत होता.

ओसरीवर जेवायला बसलो. शेवटी विचारून टाकलं, "युसूफ, ती पेनल्टी... अडली होती ना?"

"अडली म्हंजे? तशी अडलेली पुन्हा सोलापुरानं पाह्यली न्हाई बे!"

"उजवीकडं?"

"उजवीकडंच."

जिवात जीव आला! मी कौशल्येकडे बघून हसलो. ती खाली मान घालून भाकरी वाढत होती. आणि युसूफ म्हणाला, "पंडितसारखा गडी पुन्हा मिळाला न्हाई आमाला."

मी म्हणालो, पंडितचं काय? गोलमध्ये मी होतो.

त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. "बंकट, गोलकीपर तूच होतास रे, पर त्या दिवशी न्हाई. त्या दिवशी तू खाटंवर तापानं फणफणत होतास. तुझा सदरा घालून पंडित उभा राह्यला. म्याच सुटली की तसाच मातीच्या अंगानं तुझ्याकडं पळाला. मी बी संगं होतो. तू पुन्हा सांग, पुन्हा सांग म्हणत होतास अन् तो खाटंपुढं जमिनीवर झेपा घेऊन दाखवत होता. तिसऱ्या दिवशी त्यालाच ताप भरला..."

मी ताटावरून उठलो. खोटारडा म्हणालो त्याला! दारी आलेल्या पाहुण्याला! तोही उठला. हात धुतले आणि दर्ग्याकडे निघून गेला.

उद्या सामना. सगळं गाव येणार. काय सांगू? हे तळहात तर माझेच आहेत ना? मग झोंबले ते कुणाचे?

१२ बहमन, सकाळ

कौशल्येला विचारलं. ती चुलीपुढे होती. म्हणाली, "युसूफभाई खरं बोलले. तुमचा ताप उतरला तवा पंडितभावजी गेल्याचं मीच सांगितलं तुमाला. तुमी रडला न्हाईत. भिंतीकडं तोंड केलं अन् समदी म्याच सांगितलीत — मी झेप घेतली, मी धरला. मी टोकलं न्हाई. नंतर बी कदी टोकलं न्हाई. तुमी सांगायचे तवर भावजी घरात असल्यागत वाटायचं मला."

मग तवा उतरवला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"आता रडा," म्हणाली. "म्याचीला लई येळ हाय."