घरी न सापडलेली बाई

३ मार्च, सकाळी.
लेकीचं बाळंतपण परदेशात, वीस एप्रिलला. मी पंधरा दिवस आधी पोचणार. पासपोर्टचा अर्ज दिला. आता पडताळणीवाला घरी येऊन मी इथंच राहते का बघणार, की झालं.

६ मार्च.
कुणी फिरकलं नाही. ऑफिसात गेले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, काकू, घरी थांबा, माणूस येईल. घरी थांबून कुणाचं भलं झालंय? उद्यापासून त्यांच्या बाकावर दहा ते पाच ठिय्या. डोक्यावर बसलं की माणूस हलतो. आमचे हे तसेच हलायचे.

११ मार्च.
बाक माझाच झालाय. कारकुनाचा चहा आला. म्हटलं, चहाची फाइल बरी लगेच पास होते रे! सगळे हसले, तो नाही. वचक बसलाय.

१९ मार्च.
अजून माणूस नाही. थेट राजधानीला तक्रार, शेजारणीच्या मोबाइलवरून. सोळा आकडी नंबर आला. एवढा मोठा नंबर काय कुणालाही देतात? वर खळबळ उडाली असणार.

२७ मार्च.
तक्रार राजधानीतून विभागात, विभागातून इथं. चौकशी कुणाकडे? ह्याच कारकुनाकडे! माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल लिहीत होता. म्हटलं, अक्षर नीट काढ, मोठी माणसं वाचणारेत.

२ एप्रिल.
लेक फोनवर म्हणाली, आई, तिकीट काढू का? म्हटलं, बिनधास्त काढ.

१६ एप्रिल.
उत्तर आलं. पडताळणीवाला तीनदा घरी येऊन गेला. १०, १७, २४ मार्च. तिन्ही वेळा कुलूप. शेजारणीनं त्याला सांगितलं, त्या तर दिवसभर पासपोर्ट ऑफिसातच असतात. सत्यवादी मेली! शेरा: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. अर्ज बंद. तक्रार निकाली.
कारकुनाला म्हटलं, अरे, तिन्ही दिवस तुझ्या नाकासमोर होते ना मी? म्हणाला, होतात की काकू. पण तुम्ही घरी नसल्याचा कागद आहे, इथं असल्याचा नाही.

१९ एप्रिल.
एक दिवस आधीच नात झाली. लेक म्हणाली, आई, सारखी दाराकडं बघत होते गं.
फोन ठेवला. नाक पुसलं.
हरलेली नाही मी. नवा अर्ज टाकलाय. नात रांगायच्या आत पोचते की नाही बघाच. सकाळपासून घरात, दार सताड उघडं. आता येऊ दे कोण येतो ते.
दुपारी बेल वाजली. पदर सावरत धावले.
शेजारीण होती. म्हणाली, आज ऑफिसला सुट्टी का हो?