अडीच भोवरे

प्रिय चिमणे,

साष्टांग नमस्कार घालण्याइतकी माझी कंबर आता वाकत नाही, म्हणून हा उभ्यानेच. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? (मी विचारलं म्हणून सांग, फोनवर खोकून दाखवायची गरज नाही.)

मी थकले आहे गं. महिनाअखेरीला निवृत्त होते, आणि त्याआधी शेवटचा शोधनिबंध पाठवायचा आहे. विषय तोच, तू लग्न करून निघून गेलीस तेव्हा आपल्या दोघींच्या टेबलावर पडला होता तो: भोवऱ्यांची (पाण्यातल्या, दोरीच्या नव्हे) समीकरणं. ही जात सहसा कुणाला दाद देत नाही; पण त्यांतली चार-पाच इतकी भली, की भोवरे ज्यावर फिरतात त्या पृष्ठभागाची वक्रता नेमकी धरली तर पेनाने, कागदावर, शेवटच्या ओळीपर्यंत सुटतात. मग माणसाला स्वस्थ बसवत नाही. त्यांत मुद्दाम अशुद्धी मिसळायची (आपण तिला खडा म्हणायचो), आणि तरीही सुटतात का ते बघायचं. बहुतेक खडे सगळं नासवतात. मी दोन वर्षं खडे निवडत बसले. सुनेला हे सांगितलं, तर ती मायेने म्हणाली, "आई, निवृत्तीनंतर काहीतरी छंद लावून घ्या."

अखेर एक खडा सापडला. समीकरण सुटलं. आनंदाने भोवरे मोजले, तर अडीच! भोवरा म्हणजे काही पाव नव्हे, अर्धा कापून ठेवायला. तो असतो किंवा नसतो. पुन्हा केलं: अडीच. वक्रतेचं चिन्ह उलटं धरलं असेल (आपलं जुनं पाप) म्हणून तेही तपासलं. अडीच. शेजारच्या खोलीतला संगणकवाला धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं चुकलंय. दोन पूर्णांक चार नऊ नऊ आठ येतंय!" मी त्याला बसायला खुर्ची दिली. निरोपाच्या व्याख्यानाची नोटीस तोवर लागली होती, तेव्हा अडीच भोवरे घेऊन फळ्यापुढे उभी राहिले. विभागप्रमुखांनी शांतपणे विचारलं, "बाई, उरलेला अर्धा घरी राहिला का?" सगळे हसले. मीही हसले. (दात मिटूनही हसता येतं, सराव लागतो.)

घरी येऊन रागाने कपाट आवरायला काढलं. रद्दीच्या गठ्ठ्यात आपली टिपणवही निघाली, दोघींची मिळून एक होती ती. एका पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं: "खड्यालाही मोज." मी तिथेच रद्दीवर बसून बेरीज पुन्हा मांडली. तो अर्धा भोवऱ्याचा नव्हताच गं! एकूण बेरजेत खडाही आपला वाटा टाकतो, आणि मी तो भोवऱ्यांच्या नावावर लावत होते. दोन भोवरे, चांगले धडधाकट, आणि अर्धा खड्याचा. मी दोन वर्षं डोकं फोडत होते, आणि उत्तर आपल्या कपाटात, कोळ्याच्या जाळ्याखाली.

बाकी सगळं ठीक. विभागाच्या जिन्याला पायऱ्या वाढल्यात, असं माझं मत आहे. कुणी मान्य करत नाही.

तुझी,
लंबू

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. निबंधावर तुझं नाव घातलंय, पहिलं. सही करून शनिवारपर्यंत पाठव. "मी तीस वर्षांत साधा भागाकार केला नाही" वगैरे ऐकून घेणार नाही. तुझ्या सहीशिवाय मी निबंध पाठवणार नाही, आणि मग अशीच रिकाम्या हाताने घरी बसेन.

पुन्हा ता. क. वहीतलं अक्षर भिंग लावून पाहिलं. शाळेत सिस्टरने छडी उगारून अख्ख्या वर्गाला एकच वळण लावलं, त्यामुळे ते तुझंही असेल, माझंही असेल. मला लिहिल्याचं आठवत नाही. तुलाही आठवत नसेल, तर तसं कळवू नकोस. सही तेवढी कर.